नालबंदीचा पैसा

औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत बादशाही हत्तींच्या चाऱ्यापायी माणसे तुरुंगात पडत. हत्ती बादशहाचे, तबेले बादशहाचे, पण त्यांच्या पोटाचा भार मनसबदारांच्या डोक्यावर. या आकारणीला ‘खुराक-ए-दवाब’, म्हणजे जनावरांची खोराकी, असे भारदस्त नाव होते. मनसबदार कुठे तरी दूर मोहिमेवर असे आणि दरबारात त्याचा वकील सापडे. जहागीर उजाड पडलेली असो, वसूल येवो न येवो, तबेल्याचे अधिकारी वकिलाची मानगूट धरत. खाफीखानाने आपल्या इतिहासात हे गाऱ्हाणे नोंदवून ठेवले आहे. औरंगजेबानंतर बहादुरशहा तख्तावर आला (१७०७) आणि त्याचा वजीर मुनीमखान याने यावर तोड काढली: जहागीर नेमून देतानाच खोराकीची रक्कम बाजूला काढायची आणि उरेल तेवढीच माणसाच्या पगारापोटी लावायची. वकील सुटले. मराठीत ‘हत्ती पोसणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. धन्याचा हत्ती चाकराने पोसायचा, ही त्यातली खरी मेख त्या वकिलांना ठाऊक होती.

टीए बिल भरून महिनोन्महिने ‘पास’ होण्याची वाट पाहणाऱ्या कुणाही कारकुनाला ही गोष्ट परकी वाटू नये. काम धन्याचे, मग कामापायी होणारा खर्च कुणाचा? भत्ता, खोराकी, प्रवासखर्च, नालबंदी ही सारी त्या एका भांडणाची नावे आहेत. या भांडणात राजीनामे पडले, पलटणी मोडल्या, तोफाही डागल्या गेल्या.

मराठी मुलखात हा प्रश्न घोड्याच्या रूपाने उभा राहिला. स्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, त्यावरून शिलेदार. त्याचा दर्जा मोठा, पगार जास्त आणि तोराही वेगळा, कारण तो आपले भांडवल घेऊन आलेला असे. शिवाजी महाराजांचा कल मात्र पागेच्या बाजूचा होता, हे सभासदाच्या बखरीवरून स्पष्ट दिसते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती उतरंड. आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाण्याला एक पखालजी आणि नाल ठोकायला एक नालबंद. पाणी आणि नाल! घोड्याला रोज लागणाऱ्या या दोन गोष्टी स्वाराच्या पगारात न ढकलता सरकारने आपल्या खर्चात घेतल्या. बखरीत ही ओळ सहज वाचून पुढे जावे अशी आहे, पण राज्य चालवणाऱ्याची नजर तिच्यात दिसते.

चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीला १६७०च्या दशकात गेलेले पत्र तर शाळेच्या पुस्तकांतूनही परिचयाचे आहे. गवताच्या गंजीशेजारी आगटी करू नका, उंदीर पेटती वात पळवतील, ही त्यातली गोष्ट सगळ्यांना आठवते. त्या पत्राचा कणा मात्र हिशेबाचा आहे. तुम्हाला पैसा मिळालेला आहे, पागेला दाणागोटा साठवून दिलेला आहे. तो आत्ताच उधळलात तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील. मग लष्करातली माणसे रयतेच्या घरांत घुसतील, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत. तेव्हा ज्याला जे लागेल ते त्याने बाजारातून विकत आणावे, असा त्याचा आशय. सरकारने खर्च दिला नाही, किंवा दिलेला उडवला गेला, की त्याचे बिल शेवटी तिसऱ्याच माणसाच्या दारात जाते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा कागद मिळणे कठीण.

(जाता जाता: १७४०च्या दशकात मराठी फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, त्यांची धास्ती बंगाली भाषेत ‘बर्गी’ या शब्दात आजही उरली आहे. तो आपला बारगीर. सरकारी घोड्यावरचा स्वार तिथे लुटारूचे नाव होऊन बसला.)

पेशवाईत फौजा वाढल्या, मोहिमा लांबल्या, आणि शिलेदारांचे प्रमाणही वाढले. स्वारीवर निघण्याआधी शिलेदाराच्या हातात काही रोख रक्कम ठेवली जाई, तिला नालबंदी म्हणत. नाव नाल ठोकण्याचे, पण पैसा तयारीचा: सावकाराचे तोंड बंद करायला, घरी दाणे ठेवायला, घोडा उभा करायला. आजच्या भाषेत ही आगाऊ उचल. ती मिळाली नाही की शिलेदार गावातून हलत नसे, आणि यात त्याचे चुकले असे म्हणवत नाही.

त्याची खरी अडचण रणात होती. घोडा स्वतःचा, तो पडला तर नुसते जनावर जात नाही, चाकरीही जाते. विल्यम आयर्विनने मुघल फौजांवरच्या आपल्या ग्रंथात हा दोष दाखवला आहे: स्वतःच्या घोड्यावर लढणारा स्वार घोडा वाचवायला बघे, कारण घोड्याबरोबर तो स्वतःही संपे. याला भित्रेपणा म्हणणारे हिशेब विसरतात. ज्याच्या अंगावर धोक्याचा खर्च टाकला, तो धोका मोजूनमापूनच घेणार.

इंग्रजांच्या कारभारात घोड्याच्या जागी एक शब्द आला, ‘बट्टा’. व्यापारी बट्टा, म्हणजे नाण्याच्या किमतीतली सूट, तो हा नव्हे. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने दोन्ही शब्द वेगळे काढले आणि सैन्यातल्या बट्ट्याचे मूळ कन्नड ‘भत्त’ या शब्दाकडे, म्हणजे भाताकडे असावे असे मत दिले. पोर्तुगीजांच्या तोंडून तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे आपला भत्ता मुळात शिधाच. घरापासून दूर पाठवलेल्या माणसाच्या ताटातला भात. कोशकारांनी आणखी एक गोष्ट टिपली: हा बट्टा सुरुवातीला फक्त स्वारीवर असताना मिळे, पुढे तो कायमचा झाला आणि पगाराचाच भाग बनून बसला. भत्त्याची सगळी भांडणे या घसरणीतून निघतात. देणाऱ्याला वाटते, आपण खर्च भरून दिला. घेणाऱ्याने त्यावर संसार मांडलेला असतो.

प्लासीनंतर मीर जाफरने कंपनीच्या बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट बट्टा सुरू केला. नवाबाचा पैसा होता तोवर कंपनीला त्याचे काही वाटले नाही. पुढे तो बोजा कंपनीच्या तिजोरीवर आला आणि क्लाइव्हने १ जानेवारी १७६६पासून दुप्पट बट्टा बंद केला. मुंगेर, बांकीपूर आणि अलाहाबादच्या ब्रिगेडींमधल्या अधिकाऱ्यांनी कट केला: सगळ्यांनी एकाच वेळी राजीनामे द्यायचे. दोनशेच्या आसपास अधिकारी त्यात होते, आणि सरहद्दीवर मराठे येण्याची आवई असताना ही वेळ साधलेली. क्लाइव्ह मुंगेरला जाऊन ठाकला. गोऱ्यांविरुद्ध त्याने देशी शिपायांच्या पलटणी उभ्या केल्या, म्होरक्यांना कलकत्त्याला पाठवले, आणि मुंगेरचा सेनाधिकारी रॉबर्ट फ्लेचर याला लष्करी न्यायालयापुढे उभे करून बडतर्फ केले. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना मुकाट परत घेण्यात आले. साहेबांच्या या संपात कुणाचा जीव गेला नाही, हे ध्यानात ठेवावे.

कारण काळ्या शिपायांची गोष्ट वेगळी घडली.

१८२४. ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध. मथुरेकडून चालत आलेल्या तीन पलटणी कलकत्त्याजवळ बराकपूरला होत्या आणि त्यांना पुढे चितगावच्या बाजूला खुश्कीने जायचा हुकूम होता. शिपाई म्हणजे बहुतेक उच्चवर्णीय. प्रत्येकाची पितळी भांडी वेगळी, वळकटी वेगळी. पाठीवर सरकारी पिशवी आणि बंदूक, तर हा बोजा न्यायचा कशावर? बैलांवर. आणि बैलांचे भाडे शिपायांनी आपल्या पगारातून भरायचे, असा रिवाज. ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी सरकारनेच मुलखातले बैल उचलले होते. उरलेल्यांचे भाव आभाळाला भिडलेले. बैल मिळेनात, मिळाले तर परवडेनात. शिपायांचे मागणे असे: बैल तरी द्या, नाही तर दुप्पट बट्टा द्या.

४७व्या पलटणीने कूच करायला नकार दिला. सरसेनापती एडवर्ड पॅजेट बराकपूरला आला. २ नोव्हेंबरच्या सकाळी पलटणीला निर्वाणीचा हुकूम झाला, चालू लागा नाही तर हत्यारे खाली ठेवा, आणि शिपाई जागचे हलले नाहीत तेव्हा त्यांच्यावर तोफा सोडण्यात आल्या. माणसे हुगळीकडे पळाली, काही नदीत बुडाली. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, १८०चा आकडा पुष्कळ ठिकाणी येतो. नंतर पाहिले तेव्हा त्यांच्या बहुतेक बंदुका भरलेल्याच नव्हत्या. पलटणीचे नाव सैन्याच्या यादीतून खोडले गेले. बिंदा तिवारी या शिपायाला फाशी देऊन त्याचा देह साखळदंडात टांगून ठेवला. त्याच्या नावाचे देऊळ बराकपूरला आहे. इतिहासाची पाठ्यपुस्तके बराकपूर म्हटले की मंगल पांडेपाशी थांबतात. त्याच्या तेहतीस वर्षे आधी त्याच छावणीत माणसे मेली होती ती बैलभाड्यावरून.

१८२८ साली बेंटिंकने कलकत्त्याच्या जवळपासच्या छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा बट्टा निम्म्यावर आणला. आरडाओरडा पुष्कळ झाला, तोफ एकही उडाली नाही.

सगळ्यांत विनोदी, आणि तितकाच क्रूर, प्रसंग पंजाबात घडला. सतलजेपलीकडे लढायला जाणाऱ्या शिपायाला परमुलखाचा जादा भत्ता मिळे. १८४९मध्ये शिपायांनी पंजाब जिंकून दिला, पंजाब खालसा झाला, आणि कागदावर तो परमुलूख राहिलाच नाही. म्हणून भत्ता बंद! शिपायाचे गाव अवधमध्ये तितक्याच कोसांवर, धान्य तितकेच महाग. नकाशाचा रंग तेवढा बदललेला. अमृतसरच्या गोविंदगड किल्ल्यात ६६व्या पलटणीने फेब्रुवारी १८५०मध्ये बंड केले. सरसेनापती चार्ल्स नेपियरने पलटण मोडून तिचा क्रमांक गुरख्यांच्या नसिरी पलटणीला दिला. पण महाग धान्यासाठीच्या भरपाईचा शिपायांना जाचक ठरणारा नियम त्याने आपल्या अधिकारात थांबवलाही. गव्हर्नर जनरल डलहौसीला हे खपले नाही. त्याने कानउघाडणी केली, नेपियरने राजीनामा दिला. एवढा मोठा सेनापती शेवटी शिपायांच्या धान्याच्या हिशेबापायी घरी गेला.

इतके होऊनही इंग्रजांना शिलेदारीचा मोह सुटला नाही. स्वारच घोडा आणतो, चारा घालतो, तर सरकारला घोडदळ स्वस्तात पडते! १८१७मध्ये पुण्यात पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिलेली पुणे हॉर्स ही अशी शिलेदारी पलटण. १८५७नंतर मद्रासकडची सोडली तर हिंदी घोडदळ जवळजवळ सगळेच या पद्धतीवर आले. सरकार बंदूक आणि काडतुसे देई. घोडा, खोगीर, कपडे, तंबू, दोघांत मिळून एक खेचर, हे सगळे स्वाराचे. भरती होताना त्याला एक रकमी पैसा भरावा लागे, ती ‘असामी’. नोकरी सुटली की असामी परत. घोडा मेला तर? त्यासाठी पलटणीचा ‘चंदा’ होता: दरमहा प्रत्येक स्वाराची वर्गणी, आणि त्यातून नवा घोडा. मराठी शिलेदाराची जी दुखरी नस, तिच्यावर हा तोडगा होता, आणि शांततेच्या काळात तो बरा चाललाही. फक्त एक गंमत: धोका सरकारी कामाचा आणि विमा स्वारांनी आपसांत उतरवलेला.

१९१४मध्ये या पलटणी फ्रान्सला गेल्या. पुणे हॉर्सही गेली. तिथे घोडे आणि सामान ज्या वेगाने खपू लागले, त्यापुढे कुठला चंदा पुरणार? सरकारला घोडे पुरवणे, साज पुरवणे हातात घ्यावेच लागले, आणि युद्ध संपल्यावर १९२१च्या फेररचनेत शिलेदारी पद्धत बंद झाली. अडीचशे वर्षांनी हिंदी घोडदळ पुन्हा पागेवर आले.

गिरण्यांमध्ये हाच वाद कापडावरून होता. विणताना डाग पडला, सूत तुटून ठाण बिघडले, की मुंबईच्या कित्येक गिरण्या ते ठाण विणकराच्याच गळ्यात मारत आणि त्याची किंमत पगारातून कापत. सूत हलके असेल, माग जुना असेल, दोष मात्र हातांचा. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१च्या अहवालात दंड आणि कपातीचा हा सगळा पसारा मांडला, आणि १९३६मध्ये वेतन प्रदान कायदा आला. दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा पडली. कपात कशाकशाची करता येईल याची यादी ठरली.

त्या कायद्यात, २०२५मध्ये त्याची जागा नव्या वेतन संहितेने घेईपर्यंत, एक सूक्ष्म जागा होती. कामगाराने मालकाला दिलेला कोणताही पैसा ही पगारातली कपातच समजायची, असे कायदा सांगे. म्हणून बिघडलेल्या कापडाची किंमत वसूल करणे अवघड झाले. पण कामगाराने कामासाठी वाण्याला, पेट्रोल पंपावर किंवा मोबाइलच्या दुकानात दिलेला पैसा? तो मालकाकडे जातच नाही, म्हणून ती कपात नव्हे. शिवाय कामाच्या स्वरूपामुळे येणारा खास खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम आणि प्रवासभत्ता, या दोन्ही ‘वेतना’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या होत्या. हेतू चांगला, खर्चभरपाईला पगार समजू नये. परिणाम असा की ती रक्कम थकली तर थकलेल्या वेतनाची जी सोपी दाद, ती मिळत नसे. १८७२चा करार कायदा त्या मानाने अडत्यावर मेहेरबान आहे: धन्याच्या वतीने वसूल केलेल्या पैशातून अडत्याने आपला वाजवी खर्च आधी कापून घ्यावा, असे त्याचे २१७वे कलम म्हणते. ज्याच्या हातात धन्याची थैली आहे त्याची सोय झाली. ज्याच्या हातात नुसती पावती आहे त्याच्यासाठी, सगळ्या नोकरदारांना लागू पडेल असे एकच कलम भारतात नाही. सेवानियम, करारपत्र आणि साहेबाची मर्जी यांवर त्याचे चालते.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हे कुणी समजावून सांगायला नको. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून मिळते. पान खराब निघाले, कमी पडले, तर नग भरून द्यायला बाजारातून पान विकत आणायचे. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल ढिगांनी परत केले. फोन हळू चालत, तापत, बंद पडत, आणि दुरुस्तीचा खर्च मानधनावर जगणाऱ्या बाईच्या अंगावर येई. घोडा पागेचा, पण नालबंद गायब.

स्थलांतरित मजुरांसाठी मात्र १९७९च्या कायद्याने हिशेब चोख मांडला होता. ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या मजुराला भरतीच्या वेळी महिन्याच्या पगाराच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांतला जो जास्त तो विस्थापन भत्ता. त्याशिवाय जाण्यायेण्याचे भाडे. आणि प्रवासाच्या दिवसांचाही पगार. २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-नाशिक महामार्गावरून चालत निघालेल्या माणसांपैकी किती जणांच्या कानावर हा कायदा गेला असेल? श्रमिक गाड्यांचे भाडे कुणी भरायचे यावर केंद्र आणि राज्ये भांडत राहिली, आणि २८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मजुरांकडून भाडे घेऊ नका. त्याच वर्षी जुन्या कायद्याच्या जागी नवी संहिता संमत झाली. तिने प्रवासाचे भाडे ठेवले आणि विस्थापन भत्ता गाळला. ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे.

बट्ट्याची जुनी घसरगुंडी आता उलट्या दिशेने वापरली जाते. पूर्वी खर्चाचा पैसा हळूहळू पगार बनत असे. आता पगारालाच खर्चाचे नाव देतात. मूळ वेतन बारीक ठेवायचे आणि बाकी सारे वाहनभत्ता, विशेष भत्ता अशा खणांत टाकायचे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा बोजा हलका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्ये या चलाखीला लगाम घातला: सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता हा वेतनच. नव्या वेतन संहितेनेही वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा असे ठरवले.

आणि पुण्याच्या रस्त्यांवर शिलेदार परतला आहे. पाठीवर कंपनीच्या रंगाची चौकोनी पेटी, खाली स्वतःची मोटारसायकल, खिशात स्वतःचा मोबाइल. गाडीचा हप्ता त्याचा, पंक्चर त्याचे, चौकातल्या दंडाची पावतीही त्याचीच. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला ‘गिग कामगार’ असे नाव दिले. पेट्रोलबद्दल तिच्यात काही नाही. पुणे हॉर्सचा स्वार पलटण सोडून गावी निघाला की त्याची असामी त्याला मोजून परत मिळे. याला रात्री ॲपवर दिवसाची ‘कमाई’ दिसते, आणि त्यातून पेट्रोल किती गेले ते त्याने घरी जाऊन मनातल्या मनात वजा करायचे असते.